जेवढं विचारलंय तेवढंच

माझं माहेर येळ्ळूर, सासर हितं वडगावात, विणकरांच्या गल्लीत. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत आम्ही. माहेरी आमचे अण्णा सीमाप्रश्नाच्या मोर्चाला न चुकता जायचे आणि जेवताना सुद्धा त्यांचं बोलणं एकच, ही जमीन कुणाची, हे गाव कुणाचं. आम्ही पोरांनी तेच ऐकत भाकरी खाल्ली. हे आधीच का सांगते ते कळंल तुम्हाला.

मराठी घेऊन बी.ए. झाले, मग लग्न, मग मागासाठी सुताच्या कांड्या भरणं. शिकवणी काढायची असं काय मनात न्हवतं. पण आमच्याकडची पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकतात, कॉलेजात गेलं की सगळं एकदम इंग्रजी, उत्तर येत असतंय पण प्रश्नच कळत न्हाय. कुणी नर्सिंगचं, कुणी बी.ए.चं, कुणी वकिलीचं पुस्तक घेऊन दारात उभं, आक्का, ह्यात काय विचारलंय बघा की. मी कांड्या भरत भरत ऐकायची आणि आपल्या बोलीत गोष्ट करून सांगायची. हृदयाच्या झडपा आल्या की म्हणायची, हे चार खोल्यांचं घर, रक्त पुढं गेलं की मागचं दार बंद, आता सांग, कुठल्या खोलीवर कुणाचा ताबा. कवितेतली बाई उंबऱ्यात का थांबली असं विचारलं की मी आधी विचारायची, घर कुणाच्या नावावर हाय. पोरं हसायची. आमचे हे मागावरनं म्हणायचे, अगं, त्या रक्ताचा तरी जमिनीसारखा उतारा काढू नकोस.

काय सांगू तुम्हाला, मला त्याचा अभिमान वाटायचा.

दीपा आमच्या गल्लीतलीच, तिचे आप्पा पण मागावर. वकिली शिकती, पहिल्यापासनं अडलं की माझ्याकडंच येती. एका पेपरात दोनदा गेली. आप्पा म्हणाले, अजून एक बार बस, नापास झालीस तर संकेश्वरच्या पाहुण्यांना हो म्हणून कळवतो. मी तिला विचारलं, मुलगा कसा हाय गं, तर म्हणाली, चांगला हाय आक्का, पण मला कोर्टात उभं राहायचंय. मी म्हटलं, ये रोज, मी बघते.

मग बाजारात तिच्या कॉलेजातल्या म्याडम भेटल्या, कानडी बाई, पण मराठी चांगलं बोलतात, आमच्या गल्लीत साड्या घ्यायला येतात म्हणून ओळख. म्हणाल्या, तुमची दीपा लई हुशार, पण मी एक विचारते आणि ती दुसरंच सांगते. पेपरात भाडेकरूला नोटीस न देता बाहेर काढलं तर त्याला काय करता येतं, एवढाच प्रश्न होता. हिनं पानं भरून घर कुणाचं हेच लिहिलं. म्हणाल्या, कोण शिकवतं हो हिला.

हातातली भाजीची पिशवी लई जड झाली. तसलाच प्रश्न पेपराआधी मीच समजावला होता, ह्याच ओट्यावर. घर आजोबांचं, वाटणी झालेली न्हाय, भाऊ भांडतायत, अशी गोष्ट मीच रचली होती. पेपरात भाऊ न्हवते, आजोबा न्हवते. ते माझ्या माहेरच्या ताटातले होते. पोरगी दोनदा माझ्या प्रश्नाचं उत्तर लिहून आली आणि दोन्ही बार मी तिला म्हटलं, तू नीट वाचत न्हाईस.

म्याडमना मी सांगितलं न्हाय, मीच शिकवते म्हणून. मान हलवली आणि आले.

दुसऱ्या दिवशी दीपा आली, प्रश्न वाचला, माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, आता तूच सांग. ती म्हणाली, तुम्ही सांगा की आधी. मी कांडी भरत राहिले. असं रोज चाललं. एक दिवस रडली, आक्का, मी वाया गेले असं वाटतंय व्हय तुम्हाला, म्हणून गप बसता. तेव्हा सांगायला पायजे होतं, चूक तुझी न्हाय म्हणून. पण सांगितलं न्हाय. आमच्या ह्यांनी माग बंद केला, तिला पाणी दिलं आणि मला म्हणाले, तुला गप बसायला एवढी वर्षं लागली.

परवा तिनं परत तोच भाडेकरूचा प्रश्न काढला. सावकाश वाचला, पेन गालावर टेकवून बसली. मग म्हणाली, आक्का, हितं घर कुणाचं हे विचारलंच न्हाय. मालक कोण का असंना, असं बाहेर काढता येतंय का, एवढंच हाय. मी म्हटलं, व्हय. मग म्हणाली, मग तुम्ही मला ते भाऊ कशाला सांगितलात.

रागानं न्हाय विचारलं, खरंच विचारलं. मी म्हटलं, माहेरी आमच्यात तेवढंच बोलायचे गं. तिनं पुढचा प्रश्न काढला.

आज पेपर हाय तिचा. तुम्ही आलात तेव्हाच गेली, पाया पडून. आत्ता प्रश्नपत्रिका हातात आली असंल. आप्पांनी आज माग लावलाच न्हाय, दारात बसलेत. पास झाली तर मी तिच्या आप्पांना सगळं सांगणार हाय, न्हाय झाली तरी सांगणार. पण आत्ता, ह्या घडीला, एकच मागणं हाय. तिनं प्रश्न वाचावा, आणि तितं माझा आवाज तिच्या कानात येऊ नये.