अंगठा उडतोय

— नाही हो ताई, हलला तो तुमचा हात नाही, माझा. तुमचा अगदी स्थिर आहे. माझा अंगठा उडतो. हा बघा, इथे मुळाशी, हा मांसल भाग — उडाला! दिसलं? परत उडाला. घाबरू नका, मेंदीच्या नक्षीवर काही परिणाम होत नाही. म्हणजे परवा एका नवरीच्या मनगटावर एक पान जास्त आलं, पण ती म्हणाली छान दिसतंय, आणि मग तिच्या सासूनेही तसंच पान मागून घेतलं. बोटं पसरा जरा. हां. या अख्ख्या सफी गावात सिरिंजने इतकी बारीक रेघ काढणारी दुसरी कुणी असेल तर आणून दाखवा मला. आणि उडायचं तर काय उडावं — कान उडावा, गुडघा उडावा, चाललं असतं. पण नाही, ज्याने सिरिंज दाबायची नेमका तोच उडतो.

कधीपासून? ईद झाल्यापासून, म्हणजे धरा अडीच महिने. आधी मी हसले. बतूल मावशी — आत भांडी आपटतेय ना, ती, तिच्याकडेच राहते मी — तिने लगेच अर्थ लावला, अंगठा उडाला म्हणजे मिशीवाला पाहुणा येणार. आला की! विजेचं मीटर बघायला. मग डावी पोटरी सुरू झाली, मावशी म्हणाली प्रवास. मग पापणी, म्हणाली कुणीतरी नाव काढतंय. मग खांदा. खांद्याचं तिलाही ठाऊक नव्हतं, म्हणून म्हणाली, दृष्ट लागली. झालं, माझ्या डोक्यावर चादर धरली, शिसं वितळवलं, पाण्यात ओतलं, चर्र! आणि दृष्ट लावणारीचं तोंड दिसतं म्हणतात त्या गोळ्यात तिला शेजारच्या सईदाचं नाक दिसलं. तेव्हापासून सईदाशी बोलणं बंद आहे आणि अंगठा चालूच आहे.

मग मी मूर्खपणा केला. फोनवर शोधलं. पहिलं उत्तर, थकवा. दुसरं, चहा कमी करा. तिसरं — तो तीन अक्षरांचा आजार. नाव नाही घेणार मी, मेंदी चालू असताना घेऊ नये. एकेक स्नायू मरत जातो त्यात. आधी उडतो, मग वाळतो, मग चमचा धरवत नाही, मग गिळवत नाही, मग श्वास. डोकं तेवढं शेवटपर्यंत ठणठणीत, म्हणजे सगळं बघत पडायचं. तेवीस वर्षांची आहे हो मी. माझ्या अक्कलदाढासुद्धा अजून दोनच आल्यात.

हसा, हसा. मी रोज सकाळी काय करते सांगू? गच्चीवर टाचांवर चालते, वीस फेऱ्या. टाचांवर चालता आलं म्हणजे पाय शाबूत. मग चवड्यांवर. आसपासच्या बायकांना वाटलं नवस आहे, दोघीजणी माझ्याबरोबर चालायला लागल्या, एकीचं तर म्हणे काम पण झालं. मग आरशासमोर जीभ बाहेर. जीभ उडायला लागली की संपलं, असं लिहिलंय. तुम्ही कधी नीट बघितलीत स्वतःची जीभ? सगळ्यांचीच उडते! मावशीची उडते. खाटकाची उडते — विचारलं ना मी, काढून दाखवली बिचाऱ्याने, गिऱ्हाइकांसमोर. आणि हातात बळ आहे का बघायला खारवलेल्या लिंबांची बरणी रोज उघडते, रोज बंद करते. सगळी लिंबं बुरसली.

गेले ना डॉक्टरकडे! तिघांकडे गेले. तिसऱ्याने तर हातापायात सुया खुपसून यंत्रावर बघितलं. म्हणाला, काहीही नाही तुला. लग्नसराईत दिवसाचे दहा तास सिरिंज दाबतेस, बारा-बारा पेले चहा ढोसतेस, झोपत नाहीस, मग अंगठा उडणार नाही तर काय करणार? इतकं हायसं वाटलं मला — जिना उतरेपर्यंत. मग मनात आलं, तपासलं मंगळवारी. बुधवारी सुरू झालं असेल तर? शिवाय हे सगळं सांगताना त्याची स्वतःची पापणी उडत होती.

लग्न? नाही, माझं नाही झालं. ठरलं होतं. मोडलं. मी मोडलं, दीड महिना झाला. सांगण्यासारखं काही नाही त्यात, हा झाला, आता तो हात टेकवा इथे, उशीवर. मुलगा वाईट असता तर सोपं गेलं असतं. रिदवान. बंदरावर बर्फाची गाडी चालवतो. मी त्याला सांगितलं, तुझ्या अंगाला तारली मासळीचा वास येतो, मला सहन होत नाही. अहो, इथे अख्ख्या गावाला तारल्यांचा वास येतो, मलाही येत असेल! तो बिचारा दुसऱ्या दिवशी हमाममध्ये तीन तास अंग घासून आला, दारात उभा, सोलल्यासारखा लालबुंद, आणि म्हणतो — आता? आणि मी नाक धरलं. खरंच धरलं, मावशीसमोर. मावशीने दोन दिवस मला जेवायला हाक मारली नाही.

खरं काय सांगायचं त्याला, ताई? त्याचे वडील बोटीवरून पडले होते, कमरेखाली सगळं गेलं. आणि हा एवढासा असल्यापासून त्यांना उचलायचा. बिछान्यातून खुर्चीत, खुर्चीतून संडासात. नऊ वर्षं, ते जाईपर्यंत. पाठ एका बाजूला वाकलीय त्याची — म्हणजे मी काही बघितली नाही हां, शर्टातून कळते. साखरपुड्याला सगळ्यांसमोर म्हणाला, आता मी बर्फाशिवाय काही उचलणार नाही. सगळे हसले, मीही हसले. मग रमजान आला, ईद झाली आणि हे सुरू झालं. आता मी त्याच्याशी लग्न करू, आणि उद्या माझ्या हातातून चमचा सुटला की तो परत सुरू? बिछान्यातून खुर्चीत? माझं वजन साठ किलो आहे, ताई — बरं, चौसष्ट. ज्याने नऊ वर्षं —

काय म्हणालात?

अकरा? नाही हो, नऊ. त्यानेच मला सांगितलं. त्याआधीची दोन वर्षं बहीण उचलायची, मग तिचं लग्न झालं, ती नेपल्सला —

तुम्ही सुट्टीला बाहेरून आलात म्हणालात ना मघाशी. बाहेरून म्हणजे कुठून? ...हात ओढू नका, फिसकटेल! नजात? तुम्ही नजात? फोटोत तर तुमचे केस पिवळे होते! आणि मी मघापासून तुमच्याच भावाची पाठ — या अल्ला. मला वाटलं, सहज चौकशी करताय. आईने पाठवलं? त्याने? कुणीच नाही? स्वतःच आलात, मला पारखायला. बरं. पारखलंत ना? आता जाऊन सांगा, पोरगी वेडी आहे म्हणून.

अहो, रडता कशाला? डोळ्याला हात लावू नका, मेंदी जाईल डोळ्यात, थांबा, मी पुसते. बोला. ...झोपल्याचं सोंग करायचे? बाबा? ...त्याला त्रास नको म्हणून. आणि गादी ओली व्हायची, तसेच पडून राहायचे तासन् तास. आणि तो आला की त्यांच्यावर ओरडायचा? रिदवान? तो तर मांजरावरही ओरडत नाही. ...हं. उचलावं लागतं म्हणून नाही. मला हाक का नाही मारली, म्हणून.

हे मला नाही सांगितलं त्याने.

नाही, मी रडत नाहीये, मावशीने धूप लावलाय. उडतोय अजून, बघा. तपासणी चांगली आली तरी उडतोय, आणि मला भीती वाटते ताई, फार भीती वाटते, आणि ज्याला सांगावं त्याच्यासमोर मी नाक धरून बसलेय.

कुठे आहे तो आत्ता? ...खाली? गल्लीत, गाडीत? या उन्हात? अहो, बर्फ वितळेल सगळा! आणि तुम्ही कुणाकडे आलात हे त्याला — माहीत आहे. माहीत असून बसलाय.

उठा. हा हात राहू दे अर्धा, उद्या येऊन पुरा करून घ्या. नाही, तुम्ही काही सांगू नका त्याला. एक अक्षर नाही. गल्ली ऐकेल तर ऐकू दे. खिडकीसमोरून जरा सरका, ताई.

रिदवान!