नाव टाकू नका

लालबागच्या स्टॉपवर गळ्यात जपानी कंपनीचं कार्ड घातलेले दोघे उभे होते. माझी बस येत नव्हती, म्हणून सगळं ऐकू आलं.

"जितू, त्या मत मागवणाऱ्या फॉर्मात सुपरवायझरबद्दल लिहिलंस?"

"सगळं लिहिलं, तावडेकाका. नाव टाकू नका म्हणालेत ना!"

"आणि तू खरंच नाही टाकलंस?"

"नाही. अक्षरसुद्धा बदललं."

"अरे, पुढच्या महिन्यात पर्मनंट व्हायचंय ना तुला?"

"म्हणूनच तर! तुम्ही काय लिहिलंत?"

"कंपनी उत्तम. खाली नाव, टोकन नंबर. उगाच आपल्यावर संशय नको."

"आणि बाकीच्यांनी?"

"आपल्या लाइनवर माणसं चाळीस. एकोणचाळीस फॉर्मांवर नावं आहेत, जितू."