भट्टीजवळ सुटलेला हात

जबाब देणार : बाई, वय ५४, धंदा जुन्या शहरात पाहुण्यांना पायी हिंडवून ठिकठिकाणचे खाऊ घालणे, राहणार घड्याळाच्या मनोऱ्यामागे, शिंप्याच्या दुकानावरचा मजला.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी आणि माझ्या सासूबाई अशा दोघीच राहतो. त्यांचे वय एक्क्याऐंशी. माझे यजमान, म्हणजे त्यांचा मुलगा, तीन वर्षांपूर्वी वारले. माझी धाकटी नणंद नदीपलीकडच्या नव्या वस्तीत राहते, विमा कंपनीत नोकरी करते. तिने आज दुपारी याच टेबलावर अर्ज दिला आहे की, मी तिच्या आईला धंद्यापायी उन्हातान्हात फरफटवते, तरी आईला तिच्या ताब्यात द्यावे. त्यावर माझे म्हणणे पुढीलप्रमाणे.

सासूबाईंना विसर पडतो. चष्मा कुठे ठेवला, असा विसर नव्हे. मुलगा गेल्याचे त्यांना ठाऊक नाही, आणि मी ते रोज नव्याने सांगत बसत नाही. घरी एकट्या ठेवल्या तर आतून दार वाजवत राहतात. खालचा शिंपी भला माणूस, पण त्यालाही कात्री चालवायची असते. एकदा नाइलाजाने त्यांना फेरीला सोबत नेले, तर चालताना आणि खाताना त्या अगदी शांत होत्या. तेव्हापासून रोज नेते. पाहुण्यांना वाटते की त्याही पाहुण्याच. फरफटवते म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्यामागून चढ चढून दाखवावा.

फेरी जुन्या वेशीपासून निघते. आधी पावाची भट्टी, मग सूपवाल्या बाईंची खानावळ, मग मासळीबाजारातला तळणीवाला आणि शेवटी मनोऱ्याखालचे कॉफीचे दुकान. कोणती भिंत कोणी बांधली, कुठल्या दगडावर तोफेचा घाव आहे, ते मी वाटेत सांगते. प्रत्येक ठिकाणी पहिला घास डोळे मिटून खायचा, हा माझा रिवाज आहे. एकट्याने डोळे मिटायला माणसे लाजतात, म्हणून त्यांच्याबरोबर मीही मिटते. तेवढा वेळ सासूबाईंचा हात माझ्या हातात असतो.

आज भट्टीत जागा कमी होती, सगळे खेटून उभे होतो. भट्टीवाल्याने गरम पाव मोडून वाटला. मी म्हटले, “मिटा डोळे,” आणि शेजारचा हात धरला. सावकाश चावा, आधी कड लागेल, मग आतला मऊपणा, असे नेहमीप्रमाणे बोलत राहिले. डोळे उघडले तेव्हा माझ्या हातात एका दंतवैद्य बाईंचा हात होता. त्यांना वाटले हाही फेरीचाच भाग, म्हणून त्या बिचाऱ्या मुकाट्याने धरून उभ्या होत्या. सासूबाई तिथे नव्हत्या.

भट्टीवाला म्हणाला, “ताई, म्हातारी माणसं घराकडेच जातात. तुम्ही आधी घर गाठा.” मी धावत गेले. घराला कुलूप, शिंप्यानेही पाहिले नव्हते. तिथून त्यांच्या माहेरच्या गल्लीत गेले, मग नदीकाठी. तिथे पाण्याकडे बघत किती वेळ उभी होते, ते सांगता येणार नाही. दंतवैद्य बाई माझ्यासोबत होत्या. बाकीचे पाहुणे दारोदार विचारत हिंडत होते, फेरी मोडली म्हणून एकानेही कुरकुर केली नाही. नदीकाठूनच मी ठाण्यात फोन केला आणि लगोलग नणंदेला केला. लपवायचे असते तर तिला केला नसता.

सासूबाई आपल्या हवालदारांना कॉफीच्या दुकानात सापडल्या. नंतर कळले ते असे. भट्टीतून निघून त्या सरळ खानावळीत गेल्या. सूपवाल्या बाईंना म्हणाल्या, “मंडळी मागून येताहेत,” आणि वाटीभर सूप प्यायल्या. तळणीवाल्यालाही तेच सांगून मासा खाल्ला. एकही वळण त्या चुकल्या नाहीत. मी सगळे शहर पालथे घातले, फक्त माझी रोजची वाट सोडून. मला बघून म्हणाल्या, “गाईडबाई, किती हो हा उशीर? पाहुण्यांना असं ताटकळत ठेवतात का?” हात धरताना मी बघायला हवे होते, ही चूक मला कबूल आहे.

ठाण्यात नणंद त्यांना म्हणाली, “आई, चल माझ्याकडे.” सासूबाईंनी बाकावर सरकून तिला जागा करून दिली आणि विचारले, “तुम्ही कुठून आलात? काही खाल्लंत का?” नणंद त्या जागेवर बसली. मग मला म्हणाली, “वहिनी, हे कधीपासून?” मी म्हटले, “वर्ष होत आलं. तू आलीस की त्या हसून तुझा हात धरून बसतात, म्हणून तुला कळलं नाही.” ती म्हणाली, “तुला तरी ओळखते ना?” मी म्हटले, “नाही गं. मी गाईडबाई.” त्यावर ती रडली. मीही रडले, ते लिहिले नाही तरी चालेल.

नणंद वाईट नाही. तिच्याकडे मोठी खोली आहे, लिफ्ट आहे, दिवसभराला बाई ठेवीन म्हणते. पण सासूबाईंच्या डोक्यात आता घर उरले नाही, माणसे उरली नाहीत. एवढी एक वाट उरली आहे, आणि ती नदीपलीकडे नाही. मुलगा गेल्यावर सून त्यांची कोण, असे साहेबांनी विचारले. कागदावर दाखवण्यासारखे माझ्याकडे काही नाही. त्यांना नेले तर संध्याकाळी मी कुणासाठी दिवा लावू, हेही मला कळत नाही.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. ‘उद्या सकाळीही मी सासूबाईंना फेरीला नेणार आहे’ हे वाक्य त्यात आले नव्हते. साहेब म्हणाले, ते जबाबात बसत नाही. मी म्हटले, मग माझी सहीही बसत नाही. आता ते घातले आहे आणि जबाब मी सांगितला तसाच, बरोबर आहे. माझ्या सहीखाली माझ्या नणंदेने सही केली आहे. साहेबांनी तिला सांगितले की तुमच्या सहीची इथे गरज नाही, तरीही तिने केली.