पहिला कप

दाढ ठणकत असल्यामुळे निवृत्त मास्तरांचं तोंड बंद होतं. कान मात्र मोकळे होते. दवाखान्याच्या बाकावर शेजारीच बुटांच्या कारखान्याचे म्हातारे मालक आणि त्यांची सून बसली होती.

“बाबा, महिना होत आला, कामगारांनी नव्या ॲपवर आपली एकही चूक नोंदवलेली नाही.”

“म्हणजे सगळी देवमाणसं झाली म्हणायची!”

“चेष्टा नको. काल गिऱ्हाइकाला डाव्या पायाचेच दोन बूट गेले. असंच चाललं तर कारखान्याला टाळं लागेल.”

“शनिवारच्या चहाला कसं होतं? ज्याची चूक सगळ्यांत मोठी, त्याला पहिला कप. मुकादम तर स्वतःची चूक रंगवून रंगवून सांगायचा. बाकीचे पोट धरून हसायचे आणि ती चूक पुन्हा करायचे नाहीत.”

“तो चहा मीच बंद केला. वेळ वाया जातो म्हणून.”

“हं.”

“या शनिवारी पुन्हा सुरू करते. पहिली चूक माझीच सांगते. ॲप आणलं, ही.”

“अगं, ॲप कसली चूक? नव्या शाखेतल्या लोकांना आपल्या चुका कळणार कशा? तिथवर आपली किटली पोचते का?”

“मग?”

“सांगायचं चहावर. हसून झालं की तू ॲपवर टाकायचं. चूक टाकायची, नाव नाही.”

“चालेल. मग चहा बंद केला, ही चूक सांगते. पण सगळे मला हसतील.”

“हसतीलच. आणि तुझ्यानंतर कुणी तोंडच उघडलं नाही तर?”

“तर पुढच्या शनिवारी दुसरी चूक सांगेन. त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरी. माझ्याकडे साठा भरपूर आहे, बाबा.”