एकत्र जेवायला बंदी

उणकलहून धारवाडला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर मायलेकी बोलत होत्या.

“गौतमी, आज पेपरात काय येणार?”

“अठराशे अठ्ठेचाळीस साली फ्रान्सच्या लोकांनी राजाला का घालवलं, त्याची कारणं.”

“सांग बघू.”

“बटाटे सडले, धान्य महागलं, हाताला काम राहिलं नाही.”

“एवढ्यानं राजा जात नाही गं.”

“मत फक्त श्रीमंतांना होतं. सभेला बंदी होती, म्हणून लोक जेवणावळी घालायचे आणि तिथं बोलायचे. राजानं जेवणावळही बंद केली.”

“आमच्या मेसच्या मॅनेजरनं तेच केलंय. म्हणतो, पोळ्या लाटणाऱ्या एकत्र जेवायला बसल्या की रजेचं बोलतात.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“आठजणी आठ कोपऱ्यांत जेवतो. राजाकडं शिपाई नव्हते काय?”

“होते की. पण शहराचे पहारेकरीच लोकांच्या बाजूला गेले. राजा ओळखू येऊ नये म्हणून कल्ले उतरवून इंग्लंडला पळाला.”

 आईनं फोन लावला.

“सखूअक्का, आज दुपारी मॅनेजरच्या दारासमोर सतरंजी घाल. हौदु, होय गं, सगळ्याजणी तिथंच जेवायचं. आणि वॉचमन अण्णाचंही ताट वाढ.”