दाराखालची वाळू

जुलैतल्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या, बोचऱ्या सकाळी, गोर गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मारामा घरच्या दाराखालची फट बुजवायला वाळूची पिशवी कडेवर घेऊन रांगेत उभी होती. पुढे गल्लीतल्याच दोन म्हाताऱ्या होत्या, नोएलीन आणि एल्सा.

"एल्सा, परत वाळू? मागच्या आठवड्यातच नेलीस ना?"

"दाराखालच्या फटीला लागते गं. लाकडाची शेगडी एकाच खोलीत पेटवायची, बाकीची दारं बंद. क्लॅरीची शिस्त. नवरा वारला तरी मोडली नाही मी."

"त्याच्या खोलीला तर कुलूपच घातलंयस."

"फट आहे ना! गार वारा नुसता पायांना झोंबतो. म्हणून त्याच्याच जुन्या पँटचा एक पाय कापला, वाळू भरून शिवला आणि दाराशी आडवा ठेवला. सकाळी बघते तर गायब."

"मांजरानं ओढला असेल."

"कुलूप उघडलं तर आत होता. आतून फटीला गच्च दाबून बसवलेला."

"अगं बाई!"

"त्यालाही गारठा लागत असेल, म्हटलं. पुन्हा कुलूप घातलं, दुसरा पाय भरला आणि माझ्या बाजूनं ठेवला. तोही आत गेला."

"तू आजच माझ्याकडे राहायला ये."

"आणि शेगडी विझू देऊ? घर परत तापायला दोन दिवस लागतात."

"मग ते दार तरी सताड उघडं टाक."

"छे! ऊब वाया घालवलेली त्याला खपायची नाही. आता त्याच्या शर्टाच्या बाह्या भरते."

मारामानं कडेवरची पिशवी हळूच होती तिथे नेऊन ठेवली.