सातव्या टोपलीजवळ हरवलेल्या डिस्क

नाही, पण मला एक सांगा, बॅगेतल्या डिस्क माणसाने बदलायच्या तरी किती वेळा? काही धरबंध? डिस्क म्हणजे आमच्या खेळातली फेकायची थाळी हो, झाडांमधून भिरकवायची आणि साखळ्या लावलेल्या टोपलीत पाडायची. आता आमच्या लाइलचंच बघा. लाइल म्हणजे माझा मालक, गावात टायरचं दुकान आहे त्याचं, आणि शाळा अर्धवट सोडल्यापासून मी तिथेच पंक्चर काढतो. तर लाइलची डिस्क झाडावर आपटली की चूक झाडाची नसते, लाइलची तर नसतेच नसते, चूक डिस्कची! "हिच्यात दमच नाही रे वेंडेल, पहिल्यापासून संशय होता मला!" की दुसऱ्या बुधवारी, खेळाच्या दिवशी, नवी हजर. वाऱ्यासाठी वेगळी, उतारासाठी वेगळी, पानं गळाल्यावर वेगळी, आणि एक निळी होती... मी विचारलं, ही कशासाठी, तर म्हणाला, "ते अजून कळलं नाही, पण रंग बघ ना!" त्याची बायको, डोरीन, परवा दुकानात येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या फ्रीजचं दार मी दोरीने बांधून ठेवते, आणि ह्यांच्या बॅगेत दर आठवड्याला पाळणा हलतो." लाइल काय म्हणाला असेल? म्हणाला, "फ्रीज कुठे हवेत फेकायचाय?"

मी हसलो नाही हं. मला हसायचा अधिकार नाही, ते का, तेच सांगतोय...

तुम्हाला सांगतो, मी मुळात बदलणारा माणूसच नाही. माझ्याकडे एक नारिंगी होती. शाळा सोडली त्या उन्हाळ्यात घेतली, पहिल्या पगारातून. नवी होती तेव्हा एवढी कडक की उजव्या हाताने कशीही सोडा, शेवटी मान टाकून डावीकडे पळायची. सगळ्याच नव्या पळतात. पण मी तिला मारत राहिलो, बर्चच्या झाडांवर आपटली, खडकांवर घासली, बर्फात पुरली गेली, वसंतात परत निघाली, आर्विड म्हाताऱ्याच्या कुत्रीने एकदा कड चावली... आणि हळूहळू ती मऊ पडली आणि सरळ झाली. सरळ म्हणजे किती सरळ? सातव्या टोपलीला, सरोवराकडे तोंड करून मारायचं असतं बघा, ते दोन बर्च आहेत, अंग चोरून माणूस जाईल एवढीच फट, त्यातून ती सुईत दोरा ओवावा तशी जायची आणि पलीकडे साखळ्या वाजायच्या. अशी डिस्क दुकानात मिळत नाही. कोणी विकतच नाही, कारण ती वापरूनच तशी होते. मग मला सांगा, मी कशाला बदलेन?

तरी बदलल्या. लाइलपेक्षा जास्त बदलल्या! आणि त्याला कारण मार्नी.

मार्नी... थांबा, पाणी पितो.

मार्नी म्हणजे मार्नी टेर्वो. गावच्या बागखात्यात आहे. हिवाळ्यात बर्फ लोटायचा ट्रक चालवते, उन्हाळ्यात आमच्या मैदानाचं गवत कापते, दर गुरुवारी सकाळी, यंत्राचा आवाज लागू नये म्हणून कानावर ते मोठे लाल डबे लावून. स्वतः खेळतेही बुधवारी, आमच्याबरोबर. तीन उन्हाळे मी तिच्याशी बोलायचं ठरवतोय. एकदा बोललोही तसा. तिचा ट्रक आला होता दुकानात, ती म्हणाली, "काय झालं होतं रे?" आणि मी म्हणालो, "पुढच्या डाव्या चाकात हवा कमी होती." एवढंच! पुढे कितीतरी बोलता आलं असतं. उजवं चाक होतं, मागची दोन होती...

आता आमच्याकडे रीत आहे, माहीत असेल तुम्हाला. डिस्कच्या पोटावर आपण नाव आणि फोन नंबर लिहितो. सापडेल त्याने फोन करायचा. सापडली आणि फोन केला नाही, तर त्या माणसाशी गावात कोणी धड बोलत नाही, सौनामध्ये, म्हणजे गावच्या वाफेच्या खोलीत, त्याच्या बाकावर कोणी बसत नाही. तर एके दिवशी चाक बसवता बसवता माझ्या डोक्यात आलं... बुधवारी संध्याकाळी मी डिस्क हरवायची. गुरुवारी सकाळी मार्नी गवत कापायला येणार. तिला सापडणार. ती फोन करणार! मला नाही, तिला करावा लागणार! मला फक्त "हॅलो" म्हणायचं! आहे की नाही? मी एवढा खूश झालो की दोन नट घट्ट करायचे विसरलो.

नारिंगी नाही हं हरवायची. तिला हात लावायचा नाही. मी एक नवी घेतली, पांढरी, स्वस्तातली, ठळक अक्षरात नंबर लिहिला, आठ आणि तीनमध्ये घोटाळा नको म्हणून दोनदा गिरवला, आणि सातव्या टोपलीजवळ, जिथे गवत संपून नेचे सुरू होतात ना, बरोबर तिथे, यंत्राच्या वाटेवर टाकली. गेलो घरी. जेवायला बसलो तर फोन! माझ्या हातातली खिम्याची पेस्टी ताटात. गुरुवारच्या आधीच? म्हणजे तिलाही घाई? मी घसा साफ केला, "हॅलो..."

"पोरा, आर्विड बोलतोय."

आर्विड! आयुष्यभर पत्रं वाटली या माणसाने, आता निवृत्त झाला तरी वाटपाची हौस जात नाही. त्याची ती कुत्री, पुल्ला तिचं नाव, तिला संध्याकाळी फिरवतो, आणि ती प्लास्टिकचा वास घेत घेत नेच्यांत घुसते. "पुल्लाने काढली बघ, काय गुणाची आहे! आणून देतो, बस घरीच!" आणली. वर कॉफी प्यायला, वर तासभर आपल्या मोतीबिंदूची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या बुधवारी पिवळी टाकली, आणखी आत. "पोरा, आर्विड बोलतोय." मग जांभळी, ओंडक्याखाली. "पोरा, आज पुल्लाने कमाल केली!" एक तर मी झाडावर अडकवली, कुत्री काय झाडावर चढणार आहे का? नाही चढली. आर्विड चढला! त्या वयात! शिडी घेऊन!

आणि इकडे दुकानात लाइल माझ्या बॅगेत रोज डोकावतोय. "अरे वा, पांढरी! अरे, आता जांभळी? वेंडेल, लेका, तू तर मला मागे टाकलंस!" त्याला इतका आनंद की मला जवळ घेऊन पाठ थोपटली, म्हणाला, "मला वाटायचं तू त्या नारिंगीबरोबर म्हातारा होणार. शेवटी शहाणा झालास!" डोरीन म्हणाली, "अजून एक गेला वाया."

आता मी काय सांगू त्यांना? सांगा ना, बॅगेतल्या डिस्क माणसाने बदलायच्या तरी किती वेळा, आणि का बदलल्या हे चारचौघांत सांगायचं कसं?

मग आली ती ऑगस्टमधली संध्याकाळ. खेळ संपल्यावर गाड्या लावतो तिथे शेकोटी पेटवली होती, काळ्या माशा जाव्यात म्हणून, आणि लाइल नेहमीप्रमाणे डिक्की उघडून नव्या डिस्क दाखवत होता. मार्नी थंड पेयांच्या पेटीवर बसली होती. हसत हसत म्हणाली, "लाइल, खरं सांगू? जो दर आठवड्याला डिस्क बदलतो ना, त्याच्या हातात मी माझ्या ट्रकची किल्लीसुद्धा द्यायची नाही. एक डिस्क धड शिकायला वेळ लागतो. ज्याला तेवढा दम नाही, त्याला कशालाच नसतो." मी मनात म्हटलं, हीच! हेच तर माझं म्हणणं! उठ वेंडेल, आत्ता बोल, नारिंगी काढ बाहेर! मी बॅगेत हात घातला, आणि तेवढ्यात लाइल ओरडला, "मला काय बोलतेस, या वेंडेलकडे बघ! या उन्हाळ्यात माझ्या दुप्पट बदलल्यात त्याने!"

मार्नीने माझ्याकडे पाहिलं. मग बॅगेकडे. पांढरी, पिवळी, जांभळी, सगळ्या वर वर, नव्याकोऱ्या चमकत होत्या.

"तू पण, वेंडेल?" म्हणाली. "तू तसा वाटला नव्हतास."

तुम्हाला सांगतो, मला माहीतच नव्हतं की मी तिला काहीतरी वाटत होतो! म्हणजे वाटत होतो, आणि ते मला कळलं कधी, तर वाटायचं बंद झालं तेव्हा! माझा हात बॅगेत, नारिंगीवर. शेवटी काय म्हणालो? म्हणालो, "माशा फार आहेत."

त्याच आठवड्यात बातमी आली. मार्नी ड्युलुथला चालली. तिथल्या शहरखात्यात मोठे ट्रक, मोठे रस्ते, कायमची नोकरी. सप्टेंबर संपला की जाणार. लाइलने हवा भरता भरता सांगितलं, सहज, आणि मी त्या टायरमध्ये इतकी हवा भरली की लाइलने नळी हिसकावून घेतली.

आता नारिंगीशिवाय इलाज नव्हता. दुसरी कुठलीही तिला सापडली असती, तर ती म्हणाली असती, आली याची आणखी एक. नारिंगी बघून कळलं असतं की मी कसा आहे. कडा घासलेल्या, दातांची खूण, नंबर इतक्यांदा गिरवलेला की अक्षरांची जाडी बोटाला लागते... आणि योग असा की त्या बुधवारी आर्विड मोतीबिंदू काढायला मोठ्या इस्पितळात, पुल्ला बहिणीकडे. मैदान मोकळं!

मी सातव्या ओट्यावर, जिथून डिस्क फेकतात तिथे, उभा राहिलो. नारिंगीला सांगितलं, जा बाई. आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाकडी मारली. तुम्हाला खोटं वाटेल, तरी ती सरळच जायला बघत होती.

गुरुवारी सकाळी दुकानात फोन वाजला. कॉम्प्रेसर चालू, लाइल कान लावून उभा. "वेंडेल ना? मार्नी बोलतेय. तुझी एक डिस्क सापडलीय. नारिंगी. सातव्याजवळ आहे मी." मी म्हणालो, "हॅलो." एवढंच ठरलं होतं ना! ती म्हणाली, "ऐकू येतंय का?" मी म्हणालो, "येतोय."

पळत गेलो. यंत्र बंद करून, कानावरचे लाल डबे गळ्यात अडकवून ती उभी होती. म्हणाली, "रागावू नकोस, मी एकदा मारून बघितली." आणि माझ्यासमोर परत मारली. दोन बर्चमधून, सरळ, साखळ्या वाजल्या. ती बराच वेळ टोपलीकडे बघत राहिली. मी तिच्याकडे.

"कधीपासून आहे ही?"

"शाळा सोडल्यापासून."

"आणि कधी बदलली नाहीस?"

"नाही."

"मग त्या बाकीच्या कशाला?" मी बूट गवतात घासला. "आणि ही... ही हरवली कशी रे?"

बघा! याच्यापेक्षा सरळ रस्ता कोणी माणसाला आखून देतं का? दोन बर्चमधली फट याच्यापुढे काहीच नाही, हा तर हमरस्ता! मला फक्त म्हणायचं होतं, हरवली नाही, टाकली. तुला सापडावी म्हणून टाकली. आणि मी म्हणालो...

"वारा होता."

पान हलत नव्हतं हो आदल्या दिवशी. तीही तिथेच होती की खेळायला! तिने नुसतं पाहिलं माझ्याकडे. मग नारिंगी पुढे केली आणि मी म्हणालो, तुला असू दे. कसं म्हणालो माहीत नाही, पण ते एक वाक्य न अडखळता आलं. "तिकडे कोणी ओळखीचं नसेल तुझं," म्हणालो, "ही असू दे."

तिने बागखात्याच्या गाडीतून आपली बॅग काढली आणि एक हिरवी माझ्या हातात ठेवली. करकरीत, कडक, पोटावर तिचं नाव, तिचा नंबर. "ही अजून कोणाचंच ऐकत नाही," म्हणाली, "डावीकडे पळते. मारत राहा. होईल सरळ." आणि सप्टेंबर संपला, आणि ती गेली.

आता माझ्याकडे तिचा नंबर आहे. पण करणार कसा? रीत काय? सापडली तर फोन. ही सापडली कुठे, ही तर दिलेली! उगाच फोन करून काय म्हणू, तुमची डिस्क माझ्याकडे आहे? ती म्हणेल, माहीत आहे, मीच दिली. महिनाभर विचार केला. मग म्हटलं, आपणच हरवू, आपणच शोधू, आणि रीतसर फोन करू, "मार्नी ना? तुझी एक डिस्क सापडलीय." बुधवारी नेच्यांत टाकली. जरा शेकोटीपाशी बसलो, अगदीच लगेच सापडली तर बरं दिसत नाही म्हणून. परत गेलो, तर नाही! नेचे उपसले, ओंडका उलटा केला, गुडघ्यांवर रांगलो... हिरवी डिस्क, हिरव्या नेच्यांत, कोणाला दिसणार?

फोन वाजला. "पोरा, आर्विड बोलतोय! अरे, या नव्या डोळ्यांनी काय दिसतं म्हणून सांगू! पुल्लाच्या आधी मला दिसली! नंबरसुद्धा चष्म्याशिवाय वाचला, आपल्या मार्नीचा, लगेच फोन केला ड्युलुथला!"

मी म्हटलं, "काय... काय म्हणाली?"

"म्हणाली, ती आता वेंडेलची आहे, त्याला द्या. मग म्हणाली, इतक्यात बदललीसुद्धा त्याने?"

तर बॅगेतल्या डिस्क माणसाने बदलायच्या तरी किती वेळा, हे मला विचारू नका. माझ्या बॅगेत आता एकच आहे. बाकीच्या लाइलला दिल्या, निळी त्याने बदल्यात देऊ केली, नको म्हटलं. रोज काम सुटलं की सातव्या ओट्यावर जातो, हिरवी मारतो, आणतो, परत मारतो. अजून डावीकडेच पळते. लाइल म्हणतो, "बदल रे बाबा, ती काही सरळ व्हायची नाही." होईल तेव्हा होईल... मला तशी घाई नाही. सरोवराकडे तोंड करून उभं राहिलं की ड्युलुथही डावीकडेच आहे.